अर्ध्या तासात येणारा बीम

कणत्वरकातला बीम, म्हणजे वेगवान कणांचा झोत, गेला की नियंत्रण कक्षातून दर वेळी एकच उत्तर मिळते, "अर्ध्या तासात येईल", आणि दर वेळी पहाट उजाडते. बीम जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. विजेचा दाब क्षणभर घसरला तरी चुंबकांचे वीजपुरवठे बंद पडतात, हे मान्य आहे. पण वीज परतली म्हणजे बीम परतला, असे होत नाही. वाकवणाऱ्या चुंबकांच्या लोखंडात आधीच्या चुंबकत्वाचा अंश उरतो, म्हणून त्यांतला प्रवाह ठरलेल्या क्रमाने वर नेऊन पुन्हा खाली आणावा लागतो. कणांना वेग देणाऱ्या आरएफ (रेडिओ वारंवारतेच्या) पोकळ्यांचे तापमान स्थिर व्हावे लागते, कारण तांबे किंचित आकसले तरी त्यांची वारंवारता सरकते. आणि मग बीमचा प्रवाह मोजणाऱ्या फॅराडे कपवरचा आकडा पाहत पाहत बीम टप्प्याटप्प्याने लक्ष्यापर्यंत न्यावा लागतो. हे सारे ज्यांना ठाऊक आहे, तीच माणसे अर्धा तास का सांगतात?

जिनिव्हाजवळच्या एलएचसी या महाकाय कणत्वरकात १९ सप्टेंबर २००८ रोजी चुंबकांमधला विजेचा एक जोड निकामी झाला आणि बीम परतायला नोव्हेंबर २००९ उजाडला. पण तिथला लांबलेला अंदाज निदान जाहीर होत होता. "चार तास लागतील" असे आम्हाला स्पष्ट सांगितले, तर डिटेक्टरचे अंशांकन (कॅलिब्रेशन) उरकता येईल, रात्रभर जागणाऱ्या विद्यार्थ्यांना झोपायला पाठवता येईल. प्रयोगासाठी आम्हाला मिळालेले सात दिवस काही वाढत नाहीत. सोमवारी सकाळी पुढचा गट दारात उभा असतो.