नदीकाठी येताय? घरून जाऊन या

मे महिन्यात चाकरमानी उतरतात आणि चौथ्या दिवशी आंब्यांना कंटाळून विचारतात, "इथं नवीन काय झालंय?" आमच्याकडे नदीकाठचं उद्यान झालंय. गेल्या रविवारी मुंबईची बहीण, तिची मुलं आणि ७४ वर्षांची आई, असा लवाजमा घेऊन मी तिथे जाऊन आलो. त्या पुण्याईवर चार सूचना करतो.

पंचांग बघून निघा. हसू नका. आमची नदी सह्याद्रीतून उतरते ती थेट खाडीलाच मिळते, त्यामुळे भरतीचं पाणी उद्यानापर्यंत चढतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथे जाळं टाकणाऱ्या कुणालाही तोंडपाठ. म्हणजे अष्टमीला सहा वाजता या. भांगाची, म्हणजे छोटी का होईना, भरती दिसेल. आम्ही गेलो पौर्णिमेला, संध्याकाळी साडेपाचला. पुरती सुकती, म्हणजे ओहोटी. समोर काळा गाळ, त्यात कलंडलेली हंसाच्या आकाराची बोट आणि शेजारच्या नाल्यातून येणारं ते. ते म्हणजे काय, हे सांगायला नको. जेट्टी मात्र देखणी आहे. तिच्यावर उभं राहून पाणी असतं तर कसं दिसलं असतं, याची कल्पना करावी.

सेल्फी पॉइंट चुकवू नका. अक्षरं इंग्रजी, पुरुषभर उंच, मधे लाल बदाम. नदी त्यांच्या मागे आहे.

संगीत कारंजं संध्याकाळी सातला सुरू होतं. सध्या फक्त संगीत. पंप मागच्या जुलैत बुडाला. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, पक्कं बांधकाम चालत नाही, बाग चालते. म्हणून आमच्याकडे काँक्रीटला हिरवा रंग दिला आहे.

पिण्याचं पाणी घरून आणा.

आणि घरून जाऊनही या. हे महत्त्वाचं. उद्यानात प्रसाधनगृह आहे, उत्तम आहे, बाहेरून टाइल्स आहेत, दारावर बाई आणि बुवाची चित्रं आहेत, आणि कडीला कुलूप आहे. आईला मधुमेह. तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. मी वॉचमनला गाठलं. "चावी सायबांकडे असते." साहेब कुठे? "आज रविवार ना." मग हे उघडतं कधी? तर म्हणे अजून लोकार्पण व्हायचंय, मंत्र्यांची तारीख मिळत नाही. बागेचं झालं, कारंज्याचं वेगळं झालं, कोनशिलेवर सतरा नावं आहेत, मी आईला घेऊन उभा असताना मोजली. सतरा! त्यातल्या एकाही घरात म्हातारं माणूस नाही? एकाही घरात बाई नाही? बहीण म्हणाली, समोरच्या हॉटेलात विचारू. हॉटेलवाल्याने आधी "काय घेणार?" विचारलं. चार चहा मागवले तेव्हा कुठे मागचं दार दाखवलं. आई बाहेर आली ती माझ्याकडे न बघता थेट रिक्षात जाऊन बसली. आयुष्यभर नदीवर धुणं धुतलेली बाई. त्याच काठावर तिला लाजेने मान खाली घालावी लागली.

आता उपरोध पुरे. कुलूप तोडा ते. फीत नंतर कापा. नाल्याचं पाणी आधी साफ करा, मग हंस सोडा. जिथे आम्ही लहानपणी चिखलात हात घालून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढल्या, तिथे तुम्ही फरशी घातलीत. पाण्यात उतरायच्या पायऱ्यांवर रेलिंग ठोकलंत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं, ते बघूनसुद्धा नदीच्या अंगावर भिंती बांधता?

आणि आपणही काही कमी नाही. परतताना पुलावर एका गृहस्थांनी गाडी थांबवली, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य खाली सोडलं, हात जोडले. पिशवी गाळात रुतली. "पाणी नाहीये हो खाली," मी म्हटलं. "भरती नेईल," ते म्हणाले. भरती आणते हो, नेते ती सुकती, आणि तीही सहा तासांपुरती! सोमवारी सकाळी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पिशवी जेट्टीखाली अडकली होती, गाठ जशीच्या तशी.