पुणं बुडालं, आणि मला उशिरा कळलं

परवा दुपारी पुणं बुडालं. तुम्हाला कळलं असेलच. मला जरा उशिरा कळलं, कारण मी पुण्यातच होतो. पाऊस थांबून कोवळं ऊन पडलं होतं, मी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो आणि खाली भंगारवाला ओरडत होता. तेवढ्यात नागपूरहून आत्याचा फोन. "काहून रे, फोन नाही उचलत? जिवंत आहात ना सगळे?"

मी पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं. भंगारवाला कोरडा होता.

तेव्हा लक्षात आलं की प्रेक्षक म्हणून आपण फारच कच्चे आहोत. ही कमतरता तुमच्यात राहू नये म्हणून आत्यासारख्या मुरलेल्या मंडळींकडून गोळा केलेलं थोडं मार्गदर्शन देतो.

पहिलं म्हणजे खिडकीवर विश्वास ठेवू नका. खिडकीला पार्श्वसंगीत नसतं.

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं तर ते वाचायचं नाही. 'धरण फुटणार?', 'पुणं बुडणार?' यातलं प्रश्नचिन्ह तुमच्यासाठी नसून चॅनलच्या वकिलासाठी असतं. आपण 'धरण फुटणार' एवढंच वाचायचं आणि शेजाऱ्यांना 'फुटलं' म्हणून सांगायचं.

आकडे ऐकायचे, पण समजून घ्यायचे नाहीत. 'खडकवासल्यातून १० हजार क्युसेक विसर्ग' हे वाक्य ढोलाच्या ठेक्यावर आलं की अंगावर काटा आला पाहिजे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, खडकवासला हे पोटानं लहान धरण, जेमतेम दोन टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यामुळे वर पानशेत, वरसगाव, टेमघर भरत आली की मुठा नदीत पाणी सोडावंच लागतं आणि ते दर पावसाळ्यात सोडतात, असल्या चौकशा करणाऱ्याचं बीपी वाढत नाही. मग मजा काय? मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली जाणं ही पुण्यात बातमी नसते, तिथी असते. पण तुम्ही दचकायचं. हवामान खात्यानं ऑरेंज अलर्ट घाटमाथ्याला दिला असेल तर तो आपल्या सोसायटीला दिलाय असं समजायचं. ऑरेंजचा अर्थ 'तयारीत राहा' असा आहे, हे कुणाला सांगू नका.

कमरेएवढ्या पाण्यात उभ्या वार्ताहराच्या मागून एखादं पोरगं सायकलवर गेलं, तर डोळे मिटून घ्या. वार्ताहर उकिडवा बसलाय हे दिसायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुढे पाठवणं. आलेला व्हिडिओ तीन सेकंदांच्या आत पाठवायचा. बघून पाठवला तर उशीर होतो. आत्यानं मला जो पाठवला त्यात एक गाडी कागदाच्या होडीसारखी वाहत चालली होती आणि खाली लिहिलं होतं, 'सिंहगड रोड, आत्ता'. गाडीच्या मागच्या दुकानावरची पाटी तेलुगूत होती. तेलुगूत! सिंहगड रस्त्यावर! मी आत्याला म्हटलं, "आत्या, ही पाटी बघ." तर म्हणाली, "अरे, टीव्हीवरच दाखवलं ना बाप्पा, मी काय मनचं सांगते?" आणि दाखवलं होतंच. कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत 'संग्रहित' असं लिहून दाखवलं होतं. कुणीतरी टीव्हीचा पडदा मोबाइलवर शूट केला, त्यात ती मुंगी कापली गेली, आणि तासाभरात तोच तुकडा दुसऱ्या चॅनलवर 'सोशल मीडियावर व्हायरल' म्हणून परत आला. हा त्याचा पुरावा आणि तो ह्याचा. मधे तुम्ही, अंगठा तयार ठेवून. विचारलं की उत्तर ठरलेलं, "खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्यायला काय जातं?" काय जातं? १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय गेलं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, काळजी घ्या, असे मेसेज आठवडे फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना गावानं ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आणली. आपण काय केलं, तर पाच-पाचच्या खेपा करायला शिकलो.

जाऊ दे, उपरोध जमत नाहीये मला आज.

आईचं सांगतो. आई ७६ वर्षांची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती बारा वर्षांची होती, नारायण पेठेत. घर गेलं. माणसं वाचली, एवढंच. परवा मी टॉवेल वाळत घालत होतो तेव्हा ती हॉलमध्ये टीव्हीसमोर होती. फोन ठेवून आत आलो तर ती दाराशी उभी, पायात चपला, हातात कापडी पिशवी. पिशवीत बँकेचं पासबुक, एफडीच्या पावत्या, गोळ्यांचा डबा आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, पंच्यात गुंडाळलेला. म्हणाली, "चल लवकर, ह्या वेळी वरच्या मजल्यावर जाऊ." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिचा हात धरला तर थरथरत होता. टीव्हीवर तेव्हा जाहिरात लागली होती, वॉटरप्रूफिंगची.

लाज वाटते का कुणाला? स्टुडिओत बसून 'धरण फुटणार?' लिहिणाऱ्याला? त्याला का वाटावी, त्याला बक्षीस तुम्ही देता. देशभरातल्या ५०-६० हजार घरांत कुठलं चॅनल बघितलं ते नोंदवणारे मीटर असतात, त्यांवरून आठवड्याचा टीआरपी ठरतो, हे खरं. पण टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बातम्यांच्या चॅनलांचे आकडेच बंद होते. तेव्हा आवाज कमी झाला होता का? मला तरी आठवत नाही. तुम्ही बघत होतात ना.

आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत खरंच पाणी शिरलं. पार्किंग भरलं, तळमजल्यावरचे संसार गेले, आणि लोक ओरडून सांगत होते की आम्हाला वेळेवर कुणी कळवलंच नाही. आदल्या रात्री तुम्ही काय बघत होतात? आठ चौकटींतली आठ माणसं एकमेकांवर ओरडताना? रोज धरण फोडता, म्हणून खऱ्या विसर्गाचा मेसेज आला की अर्धा गाव म्हणतो, "हॅ, असंच सांगतात." पाटबंधारे खात्याचा साधा, कोरडा मेसेज कुणी पुढे पाठवलाय कधी? त्यात वाहणारी गाडी नसते म्हणून?

आत्या, हे तुलाही सांगतोय. फोन कर, रोज कर, पण आधी टीव्ही बंद कर. आणि आईला थेट फोन करायचा नाही. ती पिशवी अजून दाराशीच आहे, तिनं उचलू दिलेली नाही. सकाळची पूजा करायला तिथं जमिनीवर बसते.