भिडूच्या माथी मारण्याजोगी बोली

ब्रिजमध्ये बोली कशासाठी लावायची, असे कोणालाही विचारा. आपल्या तेरा पानांची माहिती भिडूला द्यायची, त्याची काढून घ्यायची आणि दोघांनी मिळून योग्य करारावर, म्हणजे कोणत्या रंगात किती हात जिंकायचे याच्या वचनावर, पोचायचे, असे पाठ केलेले उत्तर मिळेल. शिकाऊ खेळाडूंसाठी ते ठीक आहे. आपण मात्र चार-सहा वर्षे या टेबलावर काढली असतील, तर एव्हाना ध्यानात आले असेल की करार बुडतच असतात. तो कोणामुळे बुडाला, हे ठरवण्यातच खरी अक्कल लागते. तेव्हा ज्या बोलीक्रमात अखेरची चूक भिडूच्या हातून होते, तोच सर्वोत्तम मानावा.

यासाठी लागणारी सामग्री खेळातच आहे. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या पानांचे प्रकार ६३,५०१ कोटींहून अधिक आहेत आणि ते सांगण्यासाठी त्याच्यापाशी एक ते सात हे आकडे (सहा हातांच्या वर आणखी किती जिंकणार ते), चार रंग, नो-ट्रम्प (हुकूम नसलेला खेळ), पास, डबल आणि रिडबल असे अवघे १५ शब्द आहेत. इतक्या तोकड्या भाषेत गैरसमज होणारच, आणि तेच आपले भांडवल. त्यात १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी एका सागरप्रवासात गुणांची जी पद्धत बसवली, तिच्यात जेवढे हात बोलाल तेवढ्याचेच गुण गेमसाठी, म्हणजे बोनस मिळवून देणाऱ्या ठरावीक गुणांसाठी, धरले जातात. म्हणजे बारा हात करूनही दोनच बोलला असाल तर गेमचा बोनस गेला, आणि भिडूला खडसावण्याची सोय कायमची झाली.

एक उदाहरण घेऊ. आपल्या हातात इस्पिकचे राजा, राणी, अठ्ठी आणि चव्वी. बदामाची सत्ती आणि दुर्री. चौकटचे एक्का, गुलाम, नव्वी आणि तिर्री. किलवरचे राजा, अठ्ठी आणि पंजी आहेत. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक या हिशेबाने १३ गुण झाले. समोरून भिडू एक नो-ट्रम्प म्हणतो, म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७ गुण आणि सपाट, म्हणजे चारही रंगांत जवळपास सारखी वाटलेली, पाने आहेत. दोघांचे मिळून २८ ते ३०. गेमला साधारण २५ पुरतात, स्लॅमला, म्हणजे बारा हातांच्या कराराला, ३३ लागतात. इथे सामान्य माणूस स्टेमन, म्हणजे भिडूकडे इस्पिक किंवा बदामाची चार पाने आहेत का हे विचारण्याचा संकेत, वापरून दोन किलवर म्हणतो, भिडू दोन इस्पिक म्हणतो, आपण चार इस्पिक म्हणतो आणि सगळे पास करतात. या क्रमातला दोष उघड आहे. करार पुरा झाला तर कोणी कौतुक करत नाही, आणि बुडाला तर दोष पानांच्या वाटपाला जातो. भिडू अगदी कोरडाच सुटतो.

म्हणून आपण थेट चार नो-ट्रम्प म्हणावे. या बोलीला दोन अर्थ आहेत, हेच तिचे सौंदर्य. एक नो-ट्रम्पवर मारलेली ही उडी बहुतेक जोड्यांत निमंत्रण समजली जाते: गुण वरच्या टोकाचे असतील तर सहावर जा, नाहीतर पास कर. पण ईझ्ली ब्लॅकवूड यांनी चार नो-ट्रम्पने एक्के विचारण्याची युक्ती काढल्यापासून ही बोली ऐकली की एक्के मोजायला लागणारी माणसेही जगात पुष्कळ आहेत. आपले भिडू कोणत्या पंथाचे, याची चौकशी आधी चुकूनही करू नये. त्यांनी पास केला तर आपण एक्के विचारले होते. त्यांनी दोन एक्के दाखवण्यासाठी पाच बदाम म्हटले, तर आपण निमंत्रण दिले होते, आणि आता पाचव्या पायरीवर बदामाची सत्ती-दुर्री घेऊन बसण्याची पाळी त्यांच्यामुळेच आली आहे.

समजा, भिडूने पास केला. विरोधक बदाम खेळतात. नो-ट्रम्प आधी भिडू बोलला, म्हणून करार तो खेळणार; आपण पाने टेबलावर उघडी मांडतो, आणि भिडू आधी त्या इस्पिककडे बघतो, मग आपल्याकडे. त्याच्याकडे इस्पिकचे एक्का, गुलाम, नव्वी, पंजी. बदामाचे एक्का, छक्की, तिर्री. चौकटचे राजा, राणी, पंजी. किलवरची राणी, सत्ती, दुर्री, असे १६ गुण आहेत. इस्पिकचे चार हात, चौकटचे चार, बदामाचा एक असे नऊ झाले. दहाव्यासाठी किलवरला हात घालावा तर एक्का विरोधकांकडे. बदाम त्यांच्यात चार-चार वाटलेले असल्याने त्यांचे तीन बदाम आणि तो एक्का मिळून करार एका हाताने बुडतो. चार इस्पिकमध्ये, हुकूम तीन-दोन वाटले असतील तर, आणि ते शंभरातून ६८ वेळा तसेच वाटतात, तिसरा बदाम आपल्या हुकमाने मारून किलवरला न शिवता दहा हात झाले असते. नॉन-व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही कमी असलेल्या स्थितीत) असताना ४२० मिळायचे, तिथे ५० गेले. या ४७० गुणांसाठी मन छोटे करू नये. भिडूचा चेहरा पाहावा.

पासदेखील वाया घालवू नये. विरोधकांनी चार बदाम म्हटले की बोलीच्या पट्ट्यांच्या खोक्यावर हात ठेवावा, काढावा, पुन्हा ठेवावा, छताकडे पाहावे, आणि मग जड अंतःकरणाने पास करावे. नियमानुसार भिडूंचा संवाद केवळ बोलीतून आणि टाकलेल्या पानांतून व्हायचा असतो. आपल्या रेंगाळण्यावरून भिडूला काही उमगले तर त्याचा फायदा त्याने घ्यायचा नसतो. म्हणजे तो बोलला तर विरोधक डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावतात, आणि गप्प बसला तर एवढे सुचवूनही याला कळत नाही, असे आपण सुस्कारा टाकून म्हणू शकतो. पासचा एवढा मोबदला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नवनव्या संकेतांचा भरपूर साठा बाळगणे, हाही उपयुक्त मार्ग आहे. मी स्वतः एका भिडूबरोबर ट्रान्सफर, म्हणजे भिडूच्या एक नो-ट्रम्पवर हव्या रंगाच्या खालचा रंग बोलून हवा तो रंग त्याच्याकडून वदवून घेण्याचा संकेत, खेळायचे ठरवले आणि पहिल्याच संधीला, पाच बदाम हातात असताना, दोन चौकट म्हणालो. त्याने प्रसन्न मुद्रेने पास केला. माझ्याकडे चौकटची दोन पाने, त्याच्याकडे तीन. हुकमाची उरलेली आठ विरोधकांकडे. तो करार खेळताना माझ्या कपाळावर जो घाम आला, तो अजून आठवतो; पण त्यानंतर सहा महिने माझ्या कोणत्याही बोलीला नाव ठेवायची त्याची छाती झाली नाही.

सामना संपल्यावर चारही खेळाडूंच्या पानांचा जो छापील कागद मिळतो, त्यावर कोणत्या रंगात किती हात होऊ शकतात हे संगणकाने, सगळी पाने उघडी पाहून, काढलेले असते. योग्य बोलीक्रम निवडण्याची वेळ ती. कागदावर बोट ठेवून सांगावे की इथे चार इस्पिक होतच होते आणि भिडूने पास करण्याआधी क्षणभर विचार करायला हवा होता. मग तू दोन किलवर का म्हणाला नाहीस, असे भिडू विचारेल. त्याचे उत्तर देऊ नये. पुढच्या सामन्याला किती वाजता बसायचे, ते विचारावे.