सगळ्या लेन उघडल्या की रांग संपते?

सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पुणे विमानतळावर सिक्युरिटीच्या लेन मुद्दाम बंद ठेवतात, जवान नुसते उभे असतात. सगळ्या लेन उघडा, रांग संपलीच. आणि डिजीयात्रा असेल तर तासभर आधी पोचलं तरी बास.'

आधी 'मुद्दाम बंद'. लेन म्हणजे नुसतं एक्स-रे मशिन नव्हे. ट्रे लावून घेणारा, एक्स-रेच्या पडद्यावर बॅगा पाहणारा स्क्रीनर, संशयित बॅग उघडणारा, अंगझडती घेणारा आणि आडोशामागे महिलांची झडती घेणारी महिला जवान, एवढी माणसं नसतील तर चालू मशिन काय कामाचं? त्यात महिला जवान एकच असेल तर पुरुषांची रांग सरकते आणि बायका ताटकळतात.

'नुसते उभे' म्हणता, त्यातला एखादा नुकताच पडद्यावरून उठलेला असू शकतो. सलग पाहत राहिलं की नजर चुकते. युरोपच्या नियमात २० मिनिटं पडदा, मग किमान १० मिनिटं पडद्यापासून दूर, असं लिहूनच ठेवलंय. म्हणजे एका खुर्चीला दीड माणूस लागतो. शिवाय त्या खुर्चीत परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेलाच बसतो, कुणालाही बसवता येत नाही.

खरी गोची पुढे, रीचेकच्या टेबलावर आहे. धरा, दर दहा सेकंदाला एक ट्रे आत जातोय, म्हणजे तासाला ३६०. माणशी दोन ट्रे धरले तर १८० प्रवासी, तीन धरले तर १२०. आता दहातली एक बॅग बाजूला काढली आणि ती उघडून, तपासून, परत मशिनमधून घालायला तीन मिनिटं लागली, तर तासाला ३६ बॅगा, १०८ मिनिटांचं काम. टेबलावर माणूस एक आणि तास साठ मिनिटांचा! बॅगा तुंबतात, पट्टा थांबवावा लागतो, आणि मागच्याला वाटतं मशिन बंद पडलं. माणसं वाढवा ही मागणी रास्तच आहे, पण पहिला जादा माणूस नव्या लेनवर नको, या टेबलावर हवा.

बॅगा बाजूला का जातात, यात आपलाही वाटा आहे. पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा. कंदी पेढ्यांचे थरावर थर लावलेले बॉक्स किंवा हळदीची किलोभराची पिशवी म्हणजे नारिंगी ठोकळा. स्फोटकंही बहुतेक त्याच रंगात दिसतात. त्याला चिकटून चार्जरच्या वायरी आणि पॉवर बँक असली की स्क्रीनर बॅग सोडणार कशी? पेढे वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेर काढा, कांदा-लसूण मसाला चेक-इनच्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र त्या बॅगेत चालत नाही.

खासगी कंपनीला द्या, हा या मेसेजखालचा ठरलेला शेरा. सॅन फ्रान्सिस्कोत तपासणी खासगी कंपनीच करते, पण नियम टीएसए या अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा संस्थेचेच. पगार कोण देतो ते बदललं, बॅग उघडायची तेव्हा उघडावीच लागते.

डिजीयात्रा तुमचा चेहरा आणि बोर्डिंग पास जुळवते, बास. दारावरची रांग वाचते. ट्रे आणि झडती सगळ्यांना सारखीच. आणि देशांतर्गत विमानाला बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधीच बॅग घेणं थांबवतात, तेव्हा मोठी बॅग असेल तर मेसेजमधला 'तासभर' तिथंच संपला. पेठ नाक्यावरून निघणाऱ्यांनी लोहगावच्या दारात दोन तास आधी पोचायचा हिशेब धरावा. खंबाटकी घाटात जाणारा वेळ त्यात नाही, तो वेगळा.