प्रोबाटोरिक आणि ताईचा हिशेब

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीने या वर्षी समुपदेशकाकडे जायचे ठरवले आणि आमच्या घरात दोन तट पडले. पदवी आणि नोंदणी पाहिल्याशिवाय कोणाची पायरी चढू नये, असे एका तटाचे म्हणणे होते. शेजारच्या मुलीला जिथे गुण आला तिथेच जावे, असे दुसऱ्याचे. आपल्याकडची जाहीर चर्चाही बहुधा याच दोन टोकांमध्ये फिरते. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये अकरा वर्षे राहून आणि त्यातले एक वर्ष स्वतः मानसोपचार घेऊन माझे मत असे झाले आहे की, समोरची व्यक्ती आपल्याशी बोलते कशी आणि ते पारखायला आपल्याला अवधी मिळतो का, हा खरा प्रश्न दोन्ही तटांच्या हातून निसटतो.

नोंदणीचा आग्रह चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र दीर्घकाळ कोणीही लावू शकत होते, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने हा वर्ग कक्षेत घेतला असला, तरी त्याची घडी अजून बसायची आहे. जर्मनीत ‘प्सिखोथेरापॉइट’, म्हणजे मानसोपचारक, हे बिरूद १९९९ पासून कायद्याने राखीव आहे. (‘कोच’ अशी पाटी मात्र इथेही कोणीही लावतो, तेव्हा इथे सगळे आलबेल आहे असा समज करून घेऊ नये.)

मला इथली जी गोष्ट खरोखर मोलाची वाटली ती वेगळीच आहे. नियमित उपचार सुरू होण्याआधी इथे चाचणीच्या बैठका होतात, ज्यांना बोलीत नुसते ‘प्रोबाटोरिक’ म्हणतात. प्रत्येक बैठक पन्नास मिनिटांची असते. प्रौढांसाठी अशा किमान २ आणि सर्वसाधारणपणे ४ पर्यंत बैठका घेता येतात आणि त्यांचे पैसे सार्वजनिक आरोग्य विमा भरतो. उपचारकाला निदानाचा अंदाज येतो तसा रुग्णालाही माणसाचा अंदाज येतो, आणि जुळले नाही तर कारण न देता थांबता येते. व्यवहारात जागा मिळायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे पुष्कळ जण मिळाले त्यावर समाधान मानतात. तरीही ‘नाही’ म्हणण्याला नियमात जागा असणे ही लहान गोष्ट नाही.

मी ती जागा एकदा वापरली. वडिलांना पक्षाघात झाल्यावर साताऱ्याला त्यांची सगळी सेवा धाकट्या भावाच्या अंगावर पडली होती आणि मी इथून पैसे पाठवण्यापलीकडे काही करत नव्हतो. पहिल्या उपचारकाने दुसऱ्याच बैठकीत मला सांगितले की भारतीय कुटुंबांत असे दडपण असतेच आणि मी भावाशी मर्यादा आखून घ्यायला हव्यात. माणूस सज्जन होता, बोलणे स्पष्ट होते, पदव्या भिंतीवर होत्या. पण भावाने माझ्याकडे काहीच मागितले नव्हते, आणि नेमके तेच मला सलत होते. हे मी दोनदा सांगितले; दोन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि पुन्हा मर्यादांवर आला.

दुसरी उपचारक बोलायला काहीशी अडखळणारी होती. माझ्या कामचलाऊ जर्मनमध्ये मी ‘फ्लिश्ट’, म्हणजे कर्तव्य, असा शब्द वापरला, तेव्हा तिने विचारले की हा शब्द तुमच्या मनातला आहे की जवळचा सापडला म्हणून घेतलात. मी बराच वेळ गप्प राहिलो आणि तिने ती शांतता भरून काढली नाही. शेवटी मी ‘ऋण’ हा मराठी शब्द उच्चारला आणि त्याचा अर्थ समजावून सांगितला. बैठकीच्या शेवटी तिने माझे म्हणणे आपल्या शब्दांत मांडले, त्यातली एक गोष्ट मी चुकीची ठरवली, आणि तिने कागदावरची ओळ खोडून माझे वाक्य लिहून घेतले. माझी पारख त्या क्षणी झाली. सफाईदार बोलणे, धीर देणारा आवाज, हसरा चेहरा यांना आपण चांगल्या संवादाची खूण समजतो. पण आपण दुरुस्ती केल्यावर समोरचा काय करतो, यावरून जितके कळते तितके त्या कशावरूनही कळत नाही.

आपल्याकडे ही दुरुस्ती करणेच अवघड जाते. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला आहे, आणि आपण सर किंवा मॅडम म्हणत आत शिरतो तेव्हा ऐकून घेण्याच्या तयारीनेच शिरतो. डॉक्टरांना ‘तसे नाही हो’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. याचा अर्थ थेट बोलणारा समुपदेशक वाईट असा नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची झाली, आणि तिच्यात तर रुग्णाच्या समजुतींशी उघड वाद घालणे हा उपचाराचाच भाग असतो. पण वाद घालण्यासाठी आधी समजूत नीट ऐकलेली असावी लागते. १९७९ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी उपचारातील सहकार्याचे तीन घटक मांडले, ते म्हणजे ध्येयाबद्दलचे एकमत, करायच्या कामाबद्दलचे एकमत आणि परस्परांतील बंध. यांतली पहिली दोन एकमते रुग्णाने तोंड उघडल्याशिवाय कशी व्हावीत, हे मला कळत नाही.

म्हणून भाचीला मी एवढेच सुचवले की पहिल्या भेटीत एखादी गोष्ट मुद्दाम दुरुस्त करून बघ. पहिल्या समुपदेशकांना ती म्हणाली की मला परीक्षेची भीती वाटत नाही, निकाल घरी सांगण्याची वाटते. ‘तेच ते,’ असे म्हणून त्यांनी अभ्यासाचे वेळापत्रक काढले. त्यांची नोंदणी व्यवस्थित होती. शेजारच्या मुलीला ज्यांच्याकडे गुण आला त्या कोथरूडच्या बाईंकडे ती नंतर गेली. ‘मामा, त्या विचारतात खूप आणि सांगत काहीच नाहीत,’ असे तिने मला कळवले; आणखी एकदा जाऊन मग ठरवणार आहे.

ताईने मला फोनवर हिशेब ऐकवला: एकीकडचे पैसे वाया गेले, दुसरीकडचे जातील की नाही ते माहीत नाही, आणि मुलगी अजून ‘बघते’ म्हणते आहे. श्टुटगार्टमध्ये या बघण्याचे पैसे विम्याने भरले असते, हे मी तिला सांगितले नाही. पुढच्या बैठकीचे पैसे मी पाठवतो म्हणालो, तर तिने फोन भाचीच्या हातात दिला.