पैकीच्या पैकी

१४ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी संध्याकाळी टोकियोतील जागतिक अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची १०० मीटरची अंतिम शर्यत मी भाचीबरोबर पाहिली. माझ्या भावाची ही मुलगी पोलीस भरतीच्या तयारीसाठी राधानगरीकडच्या गावातून माझ्याकडे कोल्हापुरात राहायला आली आहे आणि रोज पहाटे पाचला अकॅडमीच्या मैदानावर हजर असते. अमेरिकेच्या मेलिसा जेफरसन-वुडनने १०.६१ सेकंदांत शर्यत जिंकली, स्पर्धेचा नवा विक्रम पडद्यावर झळकला, आणि भाचीने लगेच निकाल देऊन टाकला, "आत्या, हिला पैकीच्या पैकी."

ज्यांच्या घरात भरतीची मुलगी नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. त्यात ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. आज आपल्या जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात ज्या मुली १०० मीटर धावतात, त्यांतल्या बहुतेक या पंधरा गुणांसाठी धावतात. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काहीच नाही. घरात एक सरकारी पगार येणे म्हणजे काय असते हे मला चांगले ठाऊक आहे. परंतु जगातली सर्वांत जुनी आणि सर्वांत सरळ शर्यत आमच्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर, गुणपत्रिकेच्या एका रकान्यासाठी सुरू होते, ही गोष्ट त्या संध्याकाळपासून माझ्या मनातून जात नाही.

शर्यत आम्ही पुन्हा तीन-चार वेळा पाहिली, कारण एकदा पाहून तिच्यातले काहीच कळत नाही. सुटताना पाय टेकवायच्या ब्लॉकमधले यंत्र पायाचा दाब मोजत असते. बंदुकीच्या आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पाय हलला, तर ती सुरुवात चुकीची धरली जाते आणि २०१० पासूनच्या नियमानुसार पहिल्याच चुकीला धावपटू बाद होते. पुढचे तीसेक मीटर त्या मुली मान खाली घालून, अंग पुढे झोकून, गाडा ढकलल्यासारखे जमीन मागे ढकलत असतात, आणि मग हळूहळू ताठ होतात. पन्नास-साठ मीटरच्या आसपास त्यांचा वेग सर्वाधिक असतो. तिथून पुढे सगळ्यांचाच वेग कमी होतो, जिंकणारीचासुद्धा. शेवटच्या टप्प्यात अमुक एकीने जोर मारला असे आपण म्हणतो तेव्हा ती केवळ इतरांपेक्षा कमी मंदावलेली असते. २०२३ मध्ये बुडापेस्टला शा'कॅरी रिचर्डसन उपांत्य फेरीत तिसरी आली होती. वेळेच्या आधारावर तिला अंतिम फेरीत जागा मिळाली, तीही अगदी कडेच्या नवव्या लेनमध्ये, आणि तिथून तिने १०.६५ सेकंदांत सुवर्णपदक नेले. ती मागून वाऱ्यासारखी आली असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या आलेल्या जमैकाच्या शेरिका जॅक्सन आणि शेली-अॅन फ्रेझर-प्राइस यांच्यापेक्षा तिचा वेग शेवटी कमी घसरला होता.

या शेवटच्या तीस मीटरांचे मर्म चेहऱ्यावर दिसते. जेफरसन-वुडनचे गाल पाहा, जबडा पाहा. गाल हलत असतात, जबडा सैल असतो, मुठी आवळलेल्या नसतात. आमच्याकडे मैदानाच्या कडेला उभे राहणारे सगळे, प्रशिक्षकापासून चुलत्यापर्यंत, एकच ओरडतात, "जीव खाऊन पळ." मुलगी बिचारी दातओठ खाऊन पळते, खांदे कानापर्यंत चढतात, आणि जिथे वेग राखायचा तिथेच अंग आखडते. भाचीला मी हे दाखवले तेव्हा ती थोडी हिरमुसली, कारण तिला गेले सहा महिने नेमके उलटे सांगितले गेले होते. यात त्या प्रशिक्षकांचाही दोष मी मानत नाही. शंभर-सव्वाशे मुलींना काही महिन्यांत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा अशा तिन्ही गोष्टींसाठी तयार करायचे म्हटल्यावर जबडा सैल सोडायला शिकवायला वेळ कुणाकडे असणार?

मी स्वतः १९९३ साली नववीत असताना तालुक्याच्या शालेय स्पर्धेत १०० मीटर धावले होते. स्पर्धा पावसाळ्यात, सकाळी मारलेली लेनची चुन्याची फक्की दुपारपर्यंत धुऊन गेली होती आणि शेवटच्या वीस मीटरांत कोण कुठल्या लेनमधून पळत होते हे कुणालाच सांगता येत नव्हते. मी अनवाणी होते. दुसरी आले. दोन शिक्षक अंगठ्याने स्टॉपवॉच दाबत होते आणि पहिल्या मुलीची व माझी वेळ एकच निघाली, तेव्हा "ही पुढे दिसली" एवढ्यावर निर्णय झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेची गेल डेव्हर्स आणि जमैकाची मर्लिन ऑटी या दोघींचीही वेळ १०.८२ अशीच लागली होती आणि छायाचित्रात हजारांश सेकंदाचा फरक शोधून सुवर्ण डेव्हर्सला देण्यात आले होते. हे मला फार पुढे, लग्नानंतर, वाचनात आले आणि वाचता वाचता हसू आले. ऑटीला काही दिवसांतच २०० मीटरची शर्यत मिळाली आणि ती तिने जिंकली. माझी पुढची शर्यत वर्षाने होती, आणि त्या वर्षी मी दहावीत होते. दहावीच्या मुलीने मैदानावर काय करायचे, असे शाळेत आणि घरी दोन्हीकडे ठरले, आणि तो विषय संपला.

माझी तक्रार खरे तर वर्षाला मिळणाऱ्या त्या एका शर्यतीबद्दल आहे. शालेय स्पर्धांची रचना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते, आणि तालुक्याला जी हरली तिचे ते वर्ष तिथेच संपते. पहिली येणारीला पुढच्या शर्यती मिळतात, दुसरी-तिसरी येणारीला, म्हणजे जिला त्या शर्यतींची सर्वांत जास्त गरज आहे तिला, काहीच मिळत नाही. जेफरसन-वुडन २०२२ च्या युजीनच्या जागतिक अंतिम शर्यतीत आठवी, म्हणजे शेवटची, होती. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती तिसरी आली आणि त्यानंतरच्या वर्षी टोकियोत १००, २०० आणि रिले अशी तिन्ही सुवर्णपदके तिने नेली. आठव्या क्रमांकाची मुलगी पुन्हा पुन्हा पळत राहिली तरच पहिली होऊ शकते, हे आकड्यांनी एवढे स्पष्ट सांगणारे दुसरे ताजे उदाहरण मला आठवत नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार की वेग हा रक्तातच असावा लागतो आणि आपल्या लोकांत तो नाही. पहिले अर्धे वाक्य मला मान्य आहे. कोल्हापूर जिल्ह्यात १०.६१ सेकंदांत धावणारी मुलगी लपून बसली आहे असा माझा दावा नाही. दुती चंदने २०२१ मध्ये पतियाळात ११.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या वेगाने धावणारी मुलगी टोकियोच्या शर्यतीत असती, तर जेफरसन-वुडन रेषा ओलांडत असताना ती पाच मीटर मागे असती. वेगाच्या शर्यतीत पाच मीटर म्हणजे फार मोठे अंतर. पण रक्ताची गोष्ट सांगणाऱ्यांनी सेंट लुसियाकडेही पाहावे. या बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या शहराच्या निम्मीसुद्धा नाही. तिथली ज्युलियन अल्फ्रेड शाळेच्या गणवेशात, अनवाणी पळायची. २०२४ मध्ये पॅरिसच्या पावसात तिने १०.७२ सेकंदांत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि तिच्या देशाचे ते पहिलेवहिले ऑलिंपिक पदक ठरले. तिच्या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ती किशोरवयात घर सोडून जमैकाला शिकायला गेली, कारण शर्यती तिथे होत्या.

जमैकात शालेय अजिंक्यपद स्पर्धेला नुसते 'चॅम्प्स' म्हणतात. मुलांची स्पर्धा १९१० पासून, मुलींची १९५७ पासून, आणि १९९९ पासून दोन्ही एकत्र. किंग्स्टनचे राष्ट्रीय स्टेडियम शाळकरी पोरांच्या शर्यती पाहायला भरते, आपापल्या शाळेचे रंग घालून, ढोल घेऊन माणसे येतात, जुने विद्यार्थी जुनी भांडणे उकरून काढतात. हे वाचताना मला थेट आपले कोल्हापूरचे शाहू स्टेडियम दिसले. पेठेचा झेंडा, तालमीचे नाव, गॅलरीतला आरडाओरडा, हरल्यावर आठवडाभर चालणारी चर्चा. फुटबॉलसाठी आपण हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत आणि त्याला कुणी सरकारी योजना लागली नाही. जमैकाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे. आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेतच अडतीस लाखांच्या पुढे होता. फरक माणसांच्या संख्येचा नाही, हे एवढ्यावरून कळावे. तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलीची शर्यत पाहायला गर्दी येते, आणि गर्दी येते म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी एक शर्यत ठेवली जाते. आपल्याकडे मुलींची शर्यत पाहायला शिपाई, शिक्षक आणि पाण्याची बाटली धरून उभी असलेली एखादी आई.

आणि आपल्याकडे मुली मागे आहेत म्हणावे, तर तेही खोटे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. दोघीही कोल्हापूरच्या.

शेली-अॅन फ्रेझर-प्राइसबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण टोकियोतल्या त्या शर्यतीत माझे डोळे खरे तर तिच्यावर होते. तिची आई रस्त्यावर फिरून वस्तू विकायची. २००९ पासून २०२२ पर्यंत तिने जागतिक स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्ण पाच वेळा जिंकले. २०१७ मध्ये तिला मुलगा झाला, दोन वर्षांनी दोहात तिने १०.७१ सेकंदांत पुन्हा सुवर्ण जिंकले आणि त्या पोराला कडेवर घेऊन ट्रॅकवर फिरली. टोकियोत अडतिसाव्या वर्षी ती सहावी आली आणि नंतर रिलेचे रौप्य घेऊन निवृत्त झाली. मुलगा झाल्यावर आता पुरे, असे तिला सांगणारे जमैकातही असतीलच. तिची उंची १५२ सेंटिमीटर आहे. आमच्या भरतीत मुलींना १५५ लागते, म्हणजे इतिहासातल्या सर्वोत्तम धावपटूंपैकी एकीला आमच्याकडे पळायची संधी मिळण्याआधीच मोजपट्टीखाली घरी पाठवले असते. भाचीला हे सांगितले तर ती पोट धरून हसली. ती स्वतः १५६ आहे.

गल्लीत कुठलीही मुलगी पळताना दिसली की लोक तिला अजूनही "पी. टी. उषा" म्हणून हाक मारतात. लॉस एंजेलिसला उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले त्याला चार दशके झाली. दुसरे नाव आपल्या तोंडी बसले नाही, याचा दोष नंतरच्या मुलींवर किती टाकायचा?

म्हणून एक साधी गोष्ट सुचवते. फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मैदान रिकामे असते आणि गॅलरी भरलेली असते. मैदानाच्या कडेने १०० मीटर बसणार नाहीत, कारण रेषा ओलांडल्यावर थांबायलाही वीसेक मीटर लागतात. पण ६० मीटर सहज बसतात. ६० मीटर ही जागतिक इनडोअर स्पर्धेतली रीतसर शर्यत आहे, अल्फ्रेडने पॅरिसच्या आधी २०२४ मध्येच ग्लासगोत ती ६.९८ सेकंदांत जिंकली होती. प्रत्येक पेठेने आपल्या शाळांतल्या चौदा वर्षांखालच्या दोन मुली उतरवाव्यात. गवतावर, स्पाइकशिवाय, दहा सेकंदांचे काम. हंगामात दहा सामने झाले, तर हरणाऱ्या मुलीलाही दहा शर्यती मिळतील आणि हजारो माणसे तिचे नाव घेऊन ओरडतील.

परवा आमच्या पेठेच्या तालमीत जाऊन मी हे बोलून आले. जुनी मंडळी होती, ऐकून घेतले. एकजण म्हणाले, "वहिनी, कल्पना झकास आहे, पण मध्यंतर पंधरा मिनिटांचे. तेवढ्यात लेनची फक्की कोण मारणार?"

फक्की मी मारते, असे सांगून आले आहे.