कमाल आहे तुझी!

शनिवारी सकाळी आठ वाजता न्यू जर्सीतल्या आमच्या घरात मी लेकासाठी टीव्हीचा आवाज बंद करून स्वतः मराठीत संवाद म्हणत असतो. पडद्यावर असतं ‘डायनोमट, डॉग वंडर’. हॅना-बार्बेरा या अमेरिकी कंपनीची १९७६ ची कार्टून मालिका. बिग सिटीचा रक्षणकर्ता ब्लू फाल्कन आणि त्याचा यांत्रिक कुत्रा. या कुत्र्याचे हातपाय हवे तेवढे लांबतात, अंगातून नाना अवजारं निघतात, फक्त नेमक्या वेळी भलतंच निघतं आणि चोराआधी मालकाची फजिती होते. मग मालक वैतागून ‘डॉग वंडर’चं ‘डॉग ब्लंडर’ करतो.

या यमकाशी मी दोन शनिवार झटापट केली. शेवटी आईनं फोनवर सोडवलं. “कमाल कुत्रा म्हण की. शाबासकी द्यायची तर ‘कमाल आहे तुझी’, चिडायचं तरी ‘कमाल आहे तुझी’. सूर तेवढा बदल.”

हा उद्योग सुरू झाला तो घरच्या वादामुळे. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला, जूनमध्ये सुधारला आणि २९ जूनला रद्द झाला. तोवर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रणधुमाळी. सक्तीला माझाही विरोधच. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा कशाला लादायची? पण ठाण्यातला माझा भाचा शाळेत जाण्याआधीच फाडफाड हिंदी बोलायचा. त्याला ती डोरेमॉननं शिकवली, म्हणजे पुन्हा एक यांत्रिक जनावरच. तिथे ना जीआर लागला, ना मोर्चा निघाला. शाळेच्या वेळापत्रकावर आपण जेवढा घसा कोरडा केला, त्याच्या पाव हिश्शानं तरी विचारायला हवं होतं, की संध्याकाळी पाचला घरातला टीव्ही कुठल्या भाषेत बोलतो.

हे लिहिलं तर ताई उसळली. “तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस. तुझा लेक आधी मराठीत भांडू दे.”

खरं होतं. तो रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवतो आणि घरी येऊन मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो.

परवा माझ्या हातून ओट्यावर दूध सांडलं. चिरंजीव कमरेवर हात ठेवून म्हणाले, “कमाल आहे बाबा तुझी!” सूर चिडण्याचा, अगदी चोख. पुन्हा म्हणायला लावून मी ते ताईला पाठवलं.

तिचं उत्तर आलं, “‘ल’ अमेरिकन आहे.”